बाकावरच्या सातजणी

आमच्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ एक सामना तीनच खेळाडूंनिशी संपवून आला, ही गोष्ट इथे अजून सांगतात. सांगणारे हसत सांगतात. मी तेव्हा मैदानाच्या कडेला उभी होते. मी त्या संघाची प्रशिक्षक. मला हसू आलं नव्हतं, म्हणून ती माझ्या तोंडून सांगते.

सामना मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजशी होता, त्यांच्याच मैदानावर. बास्केटबॉलमध्ये पाचजणी खेळतात आणि सात राखीव बाकावर ठेवता येतात. माझ्याकडे सगळ्या मिळून सात होत्या, म्हणजे बाकावर दोघीच. दुसऱ्या सत्रात एकीचा घोटा मुरगळला. त्यानंतर उरलेल्यांना दम खायला फुरसत मिळाली नाही. पाय दमले की मुली हातांनी अडवायला लागतात, आणि हात लावला की फाउल. पाच फाउल झालेली खेळाडू बाहेर. शेवटच्या सत्रात एकामागून एक तिघी अशा बाहेर आल्या. मैदानात उरल्या तीन, समोर पाच. पंच माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, थांबवायचं का?"

नियमाप्रमाणे दोन खेळाडू उभ्या असेपर्यंत सामना चालतो. मी म्हटलं, "अजून तीन आहेत."

त्या तिघी शेवटची शिट्टी होईपर्यंत पळाल्या. त्यातली एक पुढच्या वर्षी माझी कप्तान झाली. सामना आम्ही किती गुणांनी हरलो ते सांगण्यासारखं नाही. खेळ संपल्यावर समोरच्या प्रशिक्षकांनी हात मिळवला आणि अगदी सहज म्हणाले, "नेक्स्ट टाइम पूर्ण टीम घेऊन या." वाईट हेतूनं म्हणाले नसतील. पण परतीच्या बोटीत माझ्या डोक्यात ते एकच वाक्य घोळत होतं. मुली जेवढं धावू शकत होत्या तेवढं धावल्या. बाक भरणं हे त्यांचं काम नव्हतं, माझं होतं.

आमचं कॉलेज अलिबागच्या बाजूला, समुद्रापासून जवळ. मुली येतात त्या आसपासच्या गावांतून, मिनीडोर रिक्षानं किंवा एसटीनं. काही आतल्या तालुक्यांतल्या, त्या वसतिगृहात राहतात. संध्याकाळच्या सरावाला कोण थांबणार, तर जिची शेवटची गाडी चुकणार नाही ती. परीक्षा आली की दोन गळतात. भातकापणी आली की आणखी दोन. घरात लग्न निघालं की एक. मुंबईच्या कॉलेजात राखीव खेळाडू म्हणजे पहिल्या पाचांपेक्षा थोडी कमी असलेली मुलगी. आमच्याकडे राखीव खेळाडू म्हणजे संघ मैदानावर उतरेल की नाही, याचाच प्रश्न. बारा असल्या तर आठ येतील. आठ असल्या तर पाच येतील की नाही सांगता येत नाही.

त्या सामन्यानंतर प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. वाईट वाटून घेऊ नका म्हणाले, तुमची चूक नाही, इथल्या मुलींत ते नाहीच. इथल्या मुली फार तर कबड्डी खेळतील. मग त्यांनी मूळ मुद्दा काढला. नवी मुंबईत त्यांच्या ओळखीचा एक क्लब होता. तिथल्या पाच मुली तयार होत्या, उंच, चार-पाच वर्षं खेळलेल्या. त्यांना आपल्याकडे प्रवेश द्यायचा. त्यांनी इथं यायची गरज नाही, सामन्याच्या दिवशी थेट मैदानावर हजर होतील. हजेरीचं आपण बघू.

मी विचारलं, "सर, त्या वर्गात बसणार का?"

ते हसले. म्हणाले, आपल्या कितीशा मुली वर्गात बसतात?

मी सांगितलं की मला असा संघ नको. ते रागावले नाहीत. खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर आमचं बास्केटबॉलचं मैदान होतं, आणि त्याच्या कडेला दुचाक्यांची दाटी. पार्किंगला जागा कमी पडतेय, संस्थेची माणसं विचारताहेत की सात मुलींसाठी एवढी काँक्रीटची जागा कशाला अडवून ठेवायची, असं ते म्हणाले. मी काय उत्तर देऊ त्यांना, सरांनी विचारलं.

माझी नेमणूक दर वर्षी नव्यानं होते. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं. मी चहा संपवला आणि म्हटलं, "बारा दाखवते. इथल्याच."

बोलून बसले आणि जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की बारा मुली कुठून आणायच्या, याचा मला पत्ता नव्हता.

तोवर मी सगळ्यांसारखंच करत होते. जूनमध्ये फलकावर सूचना लावायची आणि कोण येतंय त्याची वाट बघायची. त्या वर्षी सूचना लावलीच नाही. सकाळ-संध्याकाळ फाटकापाशी उभी राहायला लागले. उंची बघत नव्हते. एसटी थांब्याच्या पुढे जाऊन थांबली की कोण पळत सुटतं, कोण गर्दीत धक्का खाऊनही दप्तर सोडत नाही, कोण मैत्रिणीला मागं ठेवून चढत नाही, हे बघत होते. पेणकडच्या एका मिठागरवाल्या घरातली मुलगी मला अशीच सापडली. तिच्या भावांचे आता ट्रक आहेत आणि तिचा आवाज त्या ट्रकच्या हॉर्नसारखा आहे. तिनं थांब्यावरून हाक मारली आणि निघालेली एसटी थांबली. मैदानात एकमेकींना ओरडून सांगणारी एक मुलगी लागतेच. मी तिला तिथंच गाठलं.

तळ्याची, म्हणजे आतल्या तळा तालुक्यातली मुलगी मला जिन्यात दिसली. कॉलेजात सगळ्यांत उंच, आणि उंची लपवण्यासाठी खांदे पाडून, मान खाली घालून चालणारी. वसतिगृहात तिला विजेचा खांब म्हणायचे. घरची भातशेती, वडील कामाला मुंबईत. तिनं आयुष्यात चेंडू हातात धरला नव्हता. मी तिला म्हटलं, रोज संध्याकाळी तासभर ये, काही करू नकोस, नुसती रिंगखाली हात वर करून ताठ उभी राहा. ती म्हणाली, वडिलांना विचारावं लागेल. वडिलांशी मी बोलते म्हटलं, तर नको म्हणाली. चार दिवसांनी स्वतःच आली. वडिलांनी विचारलं होतं की ह्याचा अभ्यासाला काय उपयोग. तिनं सांगितलं, "काही नाही. पण मला आवडेल."

सगळ्यांत अवघड होती ती थळची. ती कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, पण मला तिची माहिती कबड्डीमुळे. आमच्या या पट्ट्यात गावागणिक कबड्डीचा संघ आहे. ती कोपऱ्यावर उभी राहायची आणि चढाईला आलेल्या मुलीचा घोटा असा धरायची की सोडवणं मुश्किल. संघ चालवायचे तिचे चुलते. मी स्कूटर घेऊन थळला गेले. कारखान्याच्या चिमण्या डावीकडे टाकून खाली कोळीवाड्यात उतरलं की त्यांचं घर. तिची आई मासळी विकून नुकतीच आली होती आणि पाटी धूत होती. चुलते ओट्यावर बसले होते. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर त्यांनी मान हलवली.

"आमची पोर मातीत खेलते मॅडम," ते म्हणाले. "ती तुमच्या टोपलीत बॉल टाकाला कशाला येल?"

मी म्हटलं, टोपलीत टाकायला नको, दुसरीला टाकू न द्यायला हवी आहे.

हे त्यांना थोडं पटलं, पण कबूल होईनात. पायाला दुखापत झाली तर मोसम जाईल, गावाची स्पर्धा दिवाळीनंतर आहे, अशी कारणं एकेक करून आली. मी सांगितलं, दिवाळीपर्यंत माझी, दिवाळीनंतर तुमची. तेही त्यांना चालेना. एवढा वेळ आई पाटीच धूत होती. तिनं पाटी भिंतीला उपडी लावली, हात पुसले आणि मला नाही, मुलीला विचारलं, "तुला जायाचा हाय का न्हाय?"

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "हाय."

"मंग झाला," आई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. चुलत्यांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं. पण संध्याकाळी पुतणीला मिनीडोर मिळाली नाही की तेच मोटरसायकल घेऊन फाटकाशी उभे असायचे. तोंड दुसरीकडे करून.

असं करत करत बारा झाल्या. एकीला सगळ्या थळची म्हणायच्या, दुसरीला तळ्याची, आणि दोन्ही हाकांना दोघीही वळायच्या. थळची पहिले काही दिवस कबड्डीच खेळत होती. कप्तान चेंडू घेऊन आली की ही तिला कमरेत धरून खाली आणायची. वर विचारायची, पकड तर बरोबर होती ना मॅडम?

गंमत एवढ्यावर संपली. खरी अडचण बाहेरच्यांनी नाही, माझ्या कप्ताननंच उभी केली. मी सरावाचा नियम बदलला होता. पाच पक्क्या आणि सात कच्च्या असं ठेवलंच नाही. दर थोड्या मिनिटांनी पाच बदलायच्या. जी बाहेर येते तिनं आत जाणारीला स्वतःच्या तोंडानं सांगायचं की समोर काय चाललंय. आणि त्या दिवशी ज्या पाच सर्वांत चांगल्या, त्यांच्या विरुद्ध बाकीच्या सातांनी रोज खेळायचं, हरल्या तरी.

कप्तान तिसऱ्या वर्षाला होती. मागच्या वर्षी शेवटपर्यंत पळालेल्या तिघींपैकी एक. एके दिवशी सराव संपल्यावर ती थांबली. घामानं भिजलेली, डोळे लाल. म्हणाली, "मॅडम, मागच्या वर्षी आम्ही जीव काढला. आणि आता जिला धड ड्रिबल येत नाही तिला माझ्याइतकाच वेळ?"

मी म्हटलं, "मागच्या वर्षी तू जीव काढलास, कारण तुझ्या जागी कुणी नव्हतं. ते परत होऊ द्यायचं नाही."

तिला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती यायची थांबली. मुली म्हणाल्या, तिला फोन करा. मी केला नाही. तिच्याशिवाय सराव चालू ठेवला. मला भीती वाटत नव्हती असं नाही. ती गेली असती तर माझा सगळ्यांत चांगला हात गेला असता, आणि केबिनमध्ये सर म्हणाले असते, बघा. पण एका मुलीला सांभाळण्यासाठी अकरा जणींना परत पंख्याच्या पात्यांसारखं तिच्याभोवती फिरायला लावायचं नाही, हे माझं ठरलं होतं. काही दिवसांनी ती सायन्सच्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेली दिसली. कॉलेजचे कपडे, दप्तर मांडीवर, लांबून बघत होती. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तळ्याची मुलगी रिंगखाली उभी होती आणि तिला सगळ्या पोरी कमरेच्या उंचीवर पास देत होत्या. एवढ्या उंच मुलीला खाली वाकावं लागत होतं. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा कप्तान पायऱ्या उतरून चपलांनिशी मैदानात आली. "अगं वर टाका ना चेंडू," ती वैतागून म्हणाली, "देवानं तिला हात कशाला दिलेत?" आणि चेंडू घेऊन स्वतः टाकून दाखवला. उद्यापासून बूट घालून ये, एवढंच मी म्हटलं.

स्पर्धा दिवाळीच्या थोडं आधी आली. सकाळी मांडव्याहून बोटीनं जायचं होतं. बारावी मुलगी मांडव्याचीच. तिला मी बारावी म्हणते, कारण ती खेळात सगळ्यांत मागं होती आणि तिला ते माहीत होतं. वडील जेटीवर बोटींचे दोर बांधायच्या कामावर. मुली बोटीत चढत असताना ते माझ्याजवळ आले. भांडायला नाही, खरंच विचारायला. म्हणाले, "मॅडम, पोरगी सांगते की सामन्यात ती बाकावर बसूनच असणार. मग तिला कशाला नेता? घरी आईला मदत तरी होईल."

मी त्यांना सांगितलं की ती बसते म्हणून बाकीच्या पाच निर्धास्त पळतात. मला वाटलं, हे वाक्य ऐकायला बरं आहे, पण बापाच्या मनाला पुरायचं नाही. म्हणून म्हटलं, "आणि आज मी तिला खेळवणार आहे." हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. बोलले आणि ठरलं.

बोटीत तळ्याच्या मुलीला समुद्र लागला. ती पहिल्यांदाच बोटीत बसली होती. थळचीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गेट वे येईपर्यंत ती तिला अखंड शिव्या घालत होती, लांब बघ, पाण्याकडे बघू नको, एवढी मोठी झालीस आणि कसली गं तू. दोघी त्या दिवसापासून एकमेकींच्या झाल्या.

मैदानावर पोचलो तर प्राचार्य आधीच हजर. सोबत दोन मुली, उंच, महागाचे बूट, पाठीवर क्लबच्या सॅक. सरांनी मला बाजूला घेतलं. या दोघींचा प्रवेश त्यांनी परस्पर करून घेतला होता. कागद तयार होते. बारा नावं द्यायची आहेत ना, त्यातली दोन बदला, बाकी तुमचाच संघ, मी तुमच्या कामात ढवळाढवळ करत नाही. सामना मागच्याच वर्षीच्या कॉलेजशी होता. पुन्हा तसली नाचक्की मला नको आहे, ते म्हणाले.

माझ्या बारा जणी भिंतीला लागून बसल्या होत्या, बूट घालत होत्या. आमचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं. मी आवाज खाली आणला नाही.

"कुठल्या दोघी काढायच्या ते तुम्ही सांगा सर," मी म्हटलं. "पण त्यांच्या समोर उभं राहून, त्यांना सांगा."

सर चांगले गृहस्थ होते. दुष्ट असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी रांगेकडे पाहिलं. त्यांना एकीचंही नाव माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी टोकाच्या दोघींकडे नुसता हात केला. टोकाला मांडव्याची बसली होती. ती उठली आणि अंगातला नंबरचा बनियन काढायला लागली. आत टी-शर्ट होता. तेवढ्यात माझं लक्ष कप्तानकडे गेलं. तिनं मघाशी बांधलेली बुटांची नाडी सोडायला घेतली होती. कुणाकडे बघत नव्हती. एक बूट काढून तिनं शेजारी ठेवला. मग तिच्या शेजारच्या पेणवालीनं, तिच्या शेजारच्या थळचीनं. मी त्यांना हे शिकवलं नव्हतं. मी तोंड कठोर ठेवलं.

सर म्हणाले, "हे काय चाललंय?"

कप्तान म्हणाली, "सर, बारा जणी आल्यात. बारा खेळणार, नाहीतर कुणी नाही."

त्या दोन क्लबच्या मुली सगळ्यांत जास्त अवघडल्या होत्या. त्यातली एक पुढं झाली आणि मला म्हणाली, "मॅम, आम्हाला बोलले होते की तुमच्याकडे प्लेअर कमी आहेत." मी म्हटलं, आता नाहीत. ती हो म्हणाली आणि मैत्रिणीला घेऊन प्रेक्षकांत जाऊन बसली. सरही गेले. जाताना म्हणाले, "याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल." मी म्हटलं, देईन. मग मी वळून मुलींना बूट घालायला सांगितलं आणि मांडव्याच्या मुलीचा बनियन मी स्वतः तिच्या डोक्यातून खाली ओढला.

सामना सुरू झाला तेव्हा आम्ही लगेच मागं पडलो. ते लोक चांगलेच होते. पण मी ठरवल्याप्रमाणे पाच बदलत राहिले. बाहेर येणारी आत जाणारीच्या कानात बोलत होती. थळचीनं त्यांच्या सगळ्यांत चांगल्या खेळाडूला सावलीसारखं धरलं, या वेळी हात न लावता. तळ्याची रिंगखाली ताठ उभी होती आणि चेंडू वर येत होता. पेणवाली ओरडून ओरडून सगळ्यांना जागा सांगत होती. समोरच्या प्रशिक्षकांना सवय होती की तिसऱ्या सत्रात आम्ही दमतो. तिसरं सत्र आलं आणि आमच्या मुली दमलेल्या नव्हत्या. त्या प्रशिक्षकांनी आमच्या बाकाकडे पाहिलं ते मला दिसलं. आमचा बाक भरलेला होता.

शेवटच्या सत्रात कप्तानचे पाच फाउल झाले. ती बाहेर आली, आणि गुण जवळपास बरोबरीत होते. सगळ्यांना वाटलं मी एखादी चांगली खेळाडू परत आत पाठवीन. मी मांडव्याच्या मुलीला उठवलं. ती म्हणाली, "मी? आत्ता?" कप्ताननं तिच्या पाठीवर थाप मारली आणि कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला दोघींनीही आजवर सांगितलेलं नाही.

तिनं एकही बास्केट केलं नाही. एकदा पास चुकवला. पण शेवटी शेवटी त्यांची मुख्य खेळाडू भरधाव रिंगकडे निघाली, तेव्हा ही तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली. पाय रोवून, हात छातीशी. ती मुलगी हिच्यावर आदळली आणि दोघी आडव्या झाल्या. पंचांनी शिट्टी वाजवली आणि आमच्या बाजूनं हात दाखवला, कारण उभ्या असलेल्या खेळाडूला धडक देणं हा धडक देणारीचा फाउल. हे तिला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. सबंध पावसाळा रोज संध्याकाळी आमच्या सर्वोत्तम पाच जणींच्या वाटेत उभं राहायचं काम तिच्याकडे होतं. रोज तिला कुणीतरी धडकत होतं. तिला उभं राहणं सवयीचं झालं होतं.

तो चेंडू आम्हाला मिळाला आणि थोड्या गुणांनी आम्ही सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी पुढच्या फेरीत दणकून हरलो, बारा जणी खेळवूनही. तेही सांगायला हवं.

नंतर मला खुलासा मागवणारं पत्र आलं. वरिष्ठांचा आदेश का पाळला नाही, असं त्यात विचारलं होतं. मी एका ओळीत उत्तर दिलं की संघ निवडणं हे प्रशिक्षकाचं काम आहे आणि मी ते केलं. त्याच आठवड्यात कॉलेजच्या दर्शनी भागात आमच्या विजयाचा फोटो लागला. मधोमध सर उभे आहेत. माझी नेमणूक पुढं चालू राहिली, मात्र मैदानाचा अर्धा भाग पार्किंगला गेलाच. आता एकाच रिंगवर खेळतो. दुसऱ्या रिंगखाली दुचाक्या असतात. संध्याकाळी मुली त्या सरळ उचलून बाजूला ठेवतात. एकदा एका प्राध्यापकांनी तक्रार केली. कप्ताननं त्यांना विचारलं, सर, तुमची कुठली ती दाखवा, उद्यापासून तिलाच आधी हात लावू. तक्रार परत आली नाही.

क्लबच्या त्या दोघींपैकी जी माझ्याशी बोलली होती, ती पुढच्या जूनमध्ये कॉलेजात आली. या वेळी खरोखर, वर्गात बसायला. मी तिला सांगितलं की इथं बाकावर बसावं लागेल. बसेन म्हणाली. बसते. थळची दिवाळीनंतर गावाकडून कबड्डी खेळते. तिचे चुलते एकदा फाटकाशी मोटरसायकल थांबवून माझ्याशी बोलले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पोरगी आता पकड करताना उडी मारते, ही सवय तुम्ही लावलीत, म्हणाले. तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

लोक मला विचारतात, एवढा हट्ट कशासाठी? चार गुण इकडे नाहीतर तिकडे. मी त्यांना सांगते की मला गुणांचं विशेष नाही. इथल्या मुलींत ते नाहीच, हे वाक्य मी त्या केबिनमध्ये ऐकलं होतं. ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे दाखवायला पाच हिरे शोधून चाललं नसतं. पाच हिरे कुठंही सापडतात, मग लोक म्हणतात, अपवाद. बारावी मुलगी उभी राहिली की अपवाद म्हणायची सोय राहत नाही.

या वर्षी सरावाला सोळा आल्या. नेता येतात बारा. ज्या चौघी राहणार, त्यांना मी स्वतः, एकेकीला समोर बसवून सांगणार आहे. फलकावर लावणार नाही. आणि दुसरा संघ उतरवायची परवानगी मागितली आहे. नाही म्हणाले. कॉलेजाला एकच संघ पाठवायचा नियम आहे म्हणे. मग मी तालुक्याच्या खुल्या स्पर्धेत त्या चौघींना आणि आणखी चार-पाच जणींना घेऊन उतरणार आहे. कॉलेजचं नाव लावू देणार नसतील तर बिननावाचा संघ. बनियन शिवायला टाकलेत.